काळा दगड, करवंटी आणि फायटरचे शेजारी

गोदेच्या काठावरून उचलून आणलेला मुठीएवढा काळा दगड समोर ठेवलाय. घासून धुतलेला, उन्हात वाळवलेला. अंगावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. ड्रॉपरने एका ठिपक्यावर व्हिनेगरचा थेंब सोडला आणि भिंग धरलं. काहीच झालं नाही. शेजारच्या ठिपक्यावर मात्र थेंब पडला आणि बारीक बुडबुडे फसफसत वर आले. हा दगड माझ्या फायटर माशाच्या टँकमध्ये जाणार नाही.

नाशिकचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पांडवलेणी कोरली ती याच खडकात. नुसत्या बेसाल्टने पाणी बिघडत नाही. पण लाव्हा थंड होताना त्यात वायूचे फुगे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजं भरत गेली. कुठे झिओलाइट, कुठे कॅल्साइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे जे देखणे स्फटिक दिसतात, ते अशाच पोकळ्यांतले. फसफसतं ते कॅल्साइट. ते म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. टँकमध्ये ते हळूहळू विरघळतं, पाणी जड, म्हणजे क्षारांचं होतं आणि सामू (pH) वर चढतो. शंख, शिंपले, संगमरवर आणि ताजं सिमेंट हेही याच पंगतीतले. व्हिनेगर सौम्य आम्ल असल्यामुळे थेंब टाकून मिनिटभर तरी थांबावं. आणि दगड कधीही गॅसवर भाजू नये, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. वरून उकळतं पाणी ओतलं की पुरे.

माझी सगळ्यात आवडती सजावट मात्र नारळाची करवंटी. बाहेरचा काथ्या सुरीने खरवडून काढायचा आणि आत खोबऱ्याचा कणही ठेवायचा नाही. राहिलेलं खोबरं कुजतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि तो माशाचे कल्ले जाळतो. मग दोन-तीनदा पाणी बदलून उकळायची. शेवटचं पाणी फिकट चहासारखं दिसलं की झालं. दार चांगलं दोन बोटं रुंद कापावं, कारण अरुंद भोकात मासा अडकतो. कडा पॉलिश पेपरने घासाव्यात आणि जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा त्यांवरून फिरवून बघावा. धागा अडकला तर फायटरची शेपूटही फाटणार. प्लास्टिकच्या झाडांनाही हीच परीक्षा लावावी. माझ्या पहिल्या फायटरची शेपूट अशाच एका हिरव्या पानावर चिरली होती, ती भरून यायला महिना गेला.

कुंभाराकडचं न रंगवलेलं, चकाकी न दिलेलं मडकंही चालतं. तांब्या-पितळेचं काही घालू नये. आपल्या नाशिकची ती शान खरी, पण पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही गोगलगायींना आणि कोळंबीला मारतं. कॉलनीतल्या देशी बदामाच्या झाडाखालची लालसर वाळकी पानं मात्र जरूर आणावीत, फक्त फवारणी न झालेल्या झाडाची. त्यांतल्या टॅनिनने पाणी सोनेरी होतं आणि फायटर त्या पानांवर निवांत टेकतो.

एवढा खटाटोप नुसता दिसण्यासाठी नाही. फायटर म्हणजे बेट्टा मूळचा थायलंडकडच्या उथळ, गवताळ पाण्यातला. तिथे दोन नर भिडले तर हरलेला गवतात पळून जातो. काचेच्या पेटीत पळायला वाट नसते, म्हणून मार खाणारा मरेपर्यंत मार खातो. करवंटी, दगड आणि झाडं अशी मांडावीत की एका टोकाच्या माशाला दुसरं टोक दिसू नये. नजर तुटली की पाठलाग बहुतेकदा थांबतो.

शेजारी निवडतानाही हेच डोक्यात ठेवावं. दोन नर कधीच एकत्र नकोत. गप्पी नको, त्याची रंगीत झुलती शेपूट फायटरला दुसरा नर वाटते. गुरामी त्याचाच नातलग आणि हद्दीसाठी तितकाच भांडणारा. टायगर बार्ब शेपट्या कुरतडतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं आणि तो घाणही फार करतो. त्यापेक्षा तळाशी वावरणारे, फिक्या रंगाचे, थव्याने राहणारे मासे बरे: कोरीडोरास किंवा कुली लोच, निदान सहा. त्यांना मऊ वाळू हवी आणि टँक निदान ६० लिटरचा. एकट्या फायटरला २० लिटर पुरतात, आणि एकटं राहणं त्याला मुळीच जाचत नाही.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हीटर हवाच, फायटरला २५ ते २७ अंश लागतात. टँक नवा असेल तर घाण पचवणारे जिवाणू त्यात रुजायला चार ते सहा आठवडे द्या.

शेजारी आधी सोडावेत आणि फायटर शेवटी, म्हणजे सगळी जागा आपलीच असं त्याला वाटत नाही. सोडल्यावर पहिला तासभर समोरून उठू नका. त्याने कल्ले फुगवून एकदा-दोनदा दरडावलं तर चालेल. एकाच माशाच्या मागे तो पुन्हा पुन्हा लागला, तर त्याला बाहेर काढायला जाळी आणि त्याच टँकच्या पाण्याने भरलेली बरणी हाताशी असू द्या.