खांद्यावरून डागलेला गोळा पोलाद वितळवत नाही

पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन प्रयोगशाळेत, शस्त्रं घडतात, त्या पुण्यातही हा समज वर्षानुवर्षं फिरतो: बझुका किंवा कार्ल गुस्ताफ या खांद्यावरून डागायच्या शस्त्रांचा रणगाडाभेदी गोळा उष्णतेनं पोलाद वितळवून आत शिरतो. हे साफ चूक आहे, आणि पोरांना तरी नीट सांगायला हवं.

गोळ्यात तांब्याचा पोकळ शंकू असतो, रुंद तोंड पुढे. मागची स्फोटकं उडताच तो चिरडला जातो आणि तांब्याची बारीक धार सुटते. टोकाचा वेग सेकंदाला साधारण ८ किलोमीटर! तांबं बहुतांशी घनच राहतं. प्रचंड दाबाखाली पोलादच बाजूला सरतं, चिखलात काठी खुपसावी तसं. त्यामुळे गोळा स्वतः संथ असला तरी चालतं. १९४२ चा हलका बझुका म्हणूनच शक्य झाला. धार तयार व्हायला शंकू आणि पोलाद यांच्यात थोडं अंतर लागतं. गोळ्याचं लांबट नाक त्यासाठीच.