मांजराचं बिऱ्हाड भिंतीवर

घर सोडण्याआधी दाराच्या चौकटीजवळ एकदा उकिडवं बसून बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर, कोपऱ्याला, फ्रीजच्या कडेला, दिवाणाच्या पायाला एक तपकिरी, किंचित तेलकट पट्टा दिसेल. घरमालकाला तो मळ वाटतो आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायला निमित्त मिळतं. मांजराच्या लेखी ती नावाची पाटी असते. गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचं मूळ, पंजांच्या गाद्या या सगळीकडे त्याला गंधग्रंथी असतात आणि त्यांचा स्राव ते येता-जाता घासून लावतं. वास उडत जातो, म्हणून रोज नवा हात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं मांजराचं भिंतीवर असतं. अडचण एवढीच की भिंती टेम्पोत चढत नाहीत.

गालाच्या स्रावावर १९९०च्या दशकात फ्रेंच पशुवैद्य पात्रिक पाजे यांनी बरंच काम केलं. त्यातल्या रसायनांचे पाच गट त्यांनी वेगळे केले. त्यांपैकी तिसरा गट मांजर ओळखीच्या जागेतल्या वस्तूंवर लावतं आणि तो जिथे असतो तिथे मूत्राच्या पिचकाऱ्या सहसा मारत नाही. हे संदेश वाचायला नाकाशिवाय टाळूच्या वर आणखी एक इंद्रिय असतं. मांजर तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ उचलून वेड्यासारखं थबकतं ना, तेव्हा ते या इंद्रियाकडे हवा ओढत असतं.

म्हणजे नव्या घरात मांजर घाबरतं ते पसाऱ्याला किंवा वेगळ्या फर्निचरला नाही. तिथे त्याचं काहीच लिहिलेलं नसतं, आणि जे थोडं आपल्याबरोबर आलं ते आपण पहिल्याच दिवशी पुसून काढतो.

पुसण्याचंच आधी बघू, कारण सगळ्यात जास्त घात तिथे होतो. नवीन घर म्हटलं की फिनाईलची बाटली आलीच. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉल आणि त्याची भावंडं असतात. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या बहुतेक जंतुनाशकांत याच कुळातली रसायनं किंवा पाइनचं तेल असतं. माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत या रेणूंना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून त्यांची विल्हेवाट लावतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचं (एन्झाइमचं) जनुकच निकामी झालेलं आहे. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराचा जीव घेते, तीही याच कारणामुळे. फरशीवर चाललेलं मांजर पंजे चाटणारच. मग लाळ गळणं, तोंडात व्रण, पाय लटपटणं सुरू होतं. नव्या घराची फरशी कपड्यांच्या साध्या साबणपावडरच्या पाण्याने पुसा आणि नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने. संत्र्याच्या वासाचे क्लीनर नागपूरकरांना आवडणं साहजिक आहे, पण लिंबूवर्गीय सालींच्या तेलातलं लिमोनिन मांजराला सोसत नाही आणि तो वास तर त्याला अजिबात नको असतो.

पेस्ट कंट्रोलची गोष्ट आणखी गंभीर. झुरळांच्या फवाऱ्यात आणि जमिनीवर रेघ मारायच्या खडूत सायपरमेथ्रिनसारखी औषधं असतात. ती मांजराच्या मज्जासंस्थेवर जातात: आधी कान आणि कातडी थरथरते, मग अंगभर झटके. फवारणी करायचीच असेल तर मांजर येण्याच्या किमान तीन-चार दिवस आधी करा, खिडक्या उघड्या ठेवून पूर्ण वाळू द्या आणि नंतर मांजर जिथे वावरेल तो भाग साबणाच्या पाण्याने पुसा. खडू मात्र नकोच. त्यापेक्षा बिजागऱ्यांच्या फटीत थेंब-थेंब भरायची जेल बरी.

आता तयारी. दोन ते तीन आठवडे आधी कॅरियर, म्हणजे न्यायचा पिंजरा, घराच्या मधोमध उघडा ठेवा. कडक प्लास्टिकचा, वरचा अर्धा भाग क्लिप काढून सुटा होणारा घ्या. घाबरलेल्या मांजराला दारातून ओढण्यापेक्षा झाकण उचलणं सोपं, दवाखान्यातही. आत त्याचीच गोधडी घाला आणि ती धुऊ नका. जेवणाची वाटी आधी पिंजऱ्याबाहेर हातभर अंतरावर, मग दारात, मग आत. आत बसून निवांत खायला लागलं की दार मिनिटभर लावून बघा. कॅरियर फक्त डॉक्टरकडे जायच्या दिवशी माळ्यावरून उतरतो, म्हणून तो दिसताच मांजर दिवाणाखाली जातं. त्यात त्याची काय चूक!

याच दिवसांत एक सुती रुमाल किंवा मोजा घेऊन मांजर लाडात असताना त्याच्या गालांवरून आणि हनुवटीखालून हळूच फिरवा, डबीत बंद करून ठेवा, असे तीन-चार करा. मांजर येण्याच्या आदल्या दिवशी नव्या घरातल्या एका खोलीच्या चौकटीला, कपाटाच्या कडेला, पलंगाच्या पायाला ते जमिनीपासून साधारण २० सेंटिमीटर उंचीवर घासा. ज्या भिंती टेम्पोत चढल्या नाहीत, त्यांच्यावरचं लिहिलेलं असं डबीतून नेता येतं. बाजारात हाच गंध कृत्रिमरीत्या बनवून प्लगमध्ये लावायच्या डिफ्यूजरमधून मिळतो. काही मांजरांना उपयोग होतो, काहींना नाही; पुरावे संमिश्र आहेत. रुमाल फुकट आहे, आधी तो वापरा.

सामान बांधायच्या दिवशी मांजर बंद खोलीत हवं. बाथरूम सोयीचं: आत कॅरियर, पाणी, शू-शीचं भांडं, आणि दाराला बाहेरून ‘मांजर आत आहे, उघडू नका’ अशी मोठी चिठ्ठी. हमाल दारं सताड उघडी ठेवतात आणि मांजर हरवण्याची वेळ तीच असते. मांजर सगळ्यात शेवटी निघतं. निघण्याआधी चार-पाच तास खायला देऊ नका, नाहीतर गाडीत उलटी होते. पाणी चालू द्या. फार घाबरट मांजरासाठी पशुवैद्य प्रवासाआधी द्यायचं औषध लिहून देतात. आपल्या कपाटातली झोपेची गोळी अर्धी करून देणं हा जुगार आहे.

नागपुरात घरं बदलतात ती शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्यावर, म्हणजे पारा ४५च्या आसपास असताना. मांजराला घाम येतो तो पंजांना, आणि तोही जेमतेम. उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान जीवघेणं होतं. सकाळी सात-साडेसातच्या आत महालासारख्या जुन्या वस्तीतून निघून बेसा, मनीषनगरसारखी नवी वस्ती गाठा. कॅरियरवर ओलसर, पातळ सुती कापड टाका, पण जाळ्या पूर्ण झाकू नका. गाडीत पुढच्या सीटच्या मागे खाली ठेवला तर तो घसरत नाही. ऑटोत मांडीवर, दार आपल्या पोटाकडे. दुचाकीला पिशवी अडकवून नेऊ नका. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं मांजरात कधीच साधं नसतं. गाडी सावलीत थांबवा, पंजे आणि कान ओल्या फडक्याने पुसा, आणि दोन-चार मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. त्याच्या वेळा आणि रात्री कुठे जायचं हे आधीच विचारून ठेवा.

पहिल्या दिवसांसाठी एकच खोली. पूजा, होमाचा धूर, शंख, पाहुणे हे सगळं ठरलं असेल तर मांजर त्या दिवशी आणूच नका, दुसऱ्या दिवशी आणा. खोली निवडली की आधी हातापायांवर रांगत तिची तपासणी करा. जिथे तुमची मूठ जाते तिथून मांजर जातं. दिवाणाच्या पेटीची मागची फट, मॉड्युलर किचनच्या खालची पट्टी, एसीच्या पाइपचं भोक, वॉशिंग मशीनचा ड्रम, आणि बाथरूममधल्या आडव्या काचपट्ट्यांची खिडकी, जिच्यापलीकडे इमारतीची डक्ट असते. डक्टमध्ये पडलेलं मांजर काढायला अग्निशमन दल बोलवावं लागतं.

यात कूलरची खिडकी खास नागपुरी आहे. कूलर बसवला की तावदान उघडं राहतं आणि चौकटीच्या बाजूची फट आपण थर्माकोल किंवा पुठ्ठ्याने बुजवतो. घाबरलेलं मांजर थर्माकोल डोक्याने ढकलून निघून जातं. तिथे प्लायवूडची पट्टी स्क्रूने बसवा. शिवाय कूलर बाहेरची हवा आत ओढतो, तिच्याबरोबर गल्लीतल्या बोक्यांची खबरही येते. त्यात नवं गवत भरलेलं असेल तर पहिले काही दिवस ओल्या गवताचा वास सगळ्यांवर मात करतो. म्हणून शक्य असेल तर मांजराच्या खोलीचा कूलर ते येण्याच्या आठवडाभर आधी लावून चालवा, पाणी दोनदा बदला, आणि मांजर आल्यावर पहिल्या रात्री पंखा कमी गतीवर ठेवा.

खोलीत काय काय? लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं, आडवं पाडून, तोंड भिंतीकडे तिरकं. हा लाड नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांचे दोन गट केले, एकाला लपायचं खोकं, दुसऱ्याला नाही. खोकं मिळालेली मांजरं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरीच निवांत झाली. बाकीच्यांना त्या पातळीला यायला सुमारे दोन आठवडे लागले. त्यामुळे पलंगाखालून मांजराला ओढून काढून ‘हे बघ आपलं नवं घर’ असं फिरवू नका. घरातल्या एकाने तिथे जमिनीवर बसून पेपर वाचावा. आपला न धुतलेला टी-शर्ट त्याच्या गोधडीवर ठेवावा. कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला, ही म्हण अर्धीच खरी: ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात तपासलेल्या पिल्लांपैकी जवळपास दोन तृतीयांशांची आपल्या माणसाशी पक्की गाठ दिसली. नजरानजर झाली तर डोळे अर्धे मिटून सावकाश उघडा. मांजरं त्याला तसंच उत्तर देतात, हे ससेक्स विद्यापीठाने २०२० मध्ये प्रयोगाने दाखवलं आहे.

शू-शीसाठी भांडं मोठं हवं, मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. दुकानातले ट्रे बहुधा लहान पडतात. सामान ठेवायचा ६० सेंटिमीटर लांबीचा प्लास्टिकचा टब घ्या आणि एक बाजू कापून उतरती करा. आत माती किंवा लिटर, म्हणजे मांजराच्या ट्रेसाठी विकत मिळणारी दाणेदार माती, तिचा थर ५ ते ७ सेंटिमीटर. जुन्या वाड्याच्या अंगणात जाणाऱ्या मांजरासाठी तिथलीच दोन तसराळी माती आणून वर पसरा. ट्रेवालं मांजर असेल तर जुन्या भांड्यातलं मूठभर वापरलेलं लिटर मिसळा. जेवणाची वाटी आणि हे भांडं खोलीच्या दोन टोकांना. कोपऱ्यात पिचकारी मारली तर तो सूड नव्हे, नावाची पाटी लावण्याची घाई आहे. साबणपावडरच्या कोमट पाण्याने धुऊन, वाळल्यावर स्पिरिटने पुसा आणि कोरडं होईपर्यंत दार बंद ठेवा.

पहिल्या दिवशी मांजर खात नाही, हे चालतं. पण २४ तास पूर्ण उपाशी राहिलं तर पशुवैद्याला फोन आणि ४८ च्या आत तपासणी. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साचते, ते यकृताला झेपत नाही. जाड मांजरांना हा धोका जास्त. याहून तातडीचं दुसरं: बोका पुन्हा पुन्हा भांड्यात बसतो, कण्हतो, आणि लघवी थेंबभर किंवा अजिबात नाही. घरचे लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधतात. ताणामुळे मूत्राशय सुजतं आणि बोक्याची मूत्रनलिका इतकी अरुंद असते की ती चिकट कणांनी बुजते. सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या.

शेपटी उभी धरून दाराशी येतं, तुमच्यासमोर पोटभर खातं, कुशीवर पाय पसरून झोपतं आणि चौकटीला गाल घासतं, अशी लक्षणं दिसली की दुसरी खोली उघडा. काहींना तीन दिवस लागतात, काहींना दोन आठवडे. संध्याकाळी, घर शांत असताना, तासभर. पहिली खोली मात्र परतायला उघडी. घरात आणखी मांजर असेल तर दोघांना आठवडाभर बंद दाराच्या दोन बाजूंना खाऊ घाला, आधी वासाची ओळख होऊ द्या. बाल्कनीला कबुतरांची जाळी असली तरी तिचे हूक ओढून तपासा. पिल्लू असेल तर ते कुरतडेल.

बाहेर सोडायचं असेल तर किमान तीन-चार आठवड्यांनंतर, लस पूर्ण झालेली असताना, जेवणाच्या अर्धा तास आधी, म्हणजे भूक परत आणते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, वाजतगाजत मिरवणुका असतात, त्या काळात नाही, आणि दिवाळीत तर नाहीच.

आणि निसटलंच तर लांब धावू नका. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा २०१८चा एक अभ्यास आहे, त्यात मांजर हरवलेल्या लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. रात्री बारानंतर टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून गाड्यांखाली, जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांमागे बघा, डोळे चमकतात. हाका मारल्या तरी घाबरलेलं मांजर हूं की चूं करत नाही, त्यामुळे आवाज न आलेल्या जागाही सोडू नका. जुनं घर दोन-तीन किलोमीटरवर असेल तर तिथल्या नव्या भाडेकरूला तुमचा नंबर आणि मांजराचा फोटो आधीच देऊन ठेवा, आणि एवढं सांगा: आलं तर दूध देऊ नका, दार लावून फोन करा. दूध मिळालं तर ते दुसऱ्या दिवशीही तिथेच येईल.