व्हेनिअरची निगा आणि सफाई

व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेलं पातळ कवच, पोर्सेलिनचं असेल तर साधारण अर्धा मिलिमीटर जाड, नाहीतर दाताच्या रंगाच्या कंपोझिटचं, म्हणजे दातांत भरतात त्या रेझिनचं. 1928 च्या सुमारास कॅलिफोर्नियातले डेंटिस्ट चार्ल्स पिंकस हॉलिवूडच्या नटांना तात्पुरते व्हेनिअर लावून द्यायचे, शूटिंग संपलं की काढून ठेवायचे. पुढं 1955 मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी अ‍ॅसिडनं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, किंचित खरबरीत करून त्यावर पक्कं चिकटवायची पद्धत दाखवली आणि 1980 च्या दशकात पोर्सेलिनही तसंच कायमचं बसवता यायला लागलं. म्हणजे आता काढून धुवायची सोयच नाही, जी काय सफाई ती तोंडातच.

"व्हेनिअरला कीड लागत नाही" असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, पण खालचा दात आपलाच असतो ना, त्याला लागते. ती सुरू होते कडेला, जिथं व्हेनिअर संपतं आणि हिरडी किंवा दात सुरू होतो तिथं, आणि ही जागा आरशात नीट दिसत नाही, त्यामुळं समोरून दात चकचकीत दिसले तरी कडेला कीटण साठून हिरडी सुजलेली, ब्रश करताना रक्त येतंय असं होऊ शकतं. म्हणून मऊ ब्रश घ्यायचा, हिरडीकडं तिरका धरायचा, हलक्या हातानं दोन वेळा दोन-दोन मिनिटं, आणि रोज फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा. फ्लॉसनं व्हेनिअर निघून येईल ही भीती पुष्कळांना असते, पण नीट चिकटवलेलं असेल तर येत नाही, उलट फ्लॉस टाळला की दोन दातांच्या फटीतच कीड धरते.

पेस्ट साधी फ्लोराइडची, कमी खरखरीत. कोळशाची पावडर, दात पांढरे करायच्या खरखरीत पेस्ट नकोत, आणि मशेरी तर अजिबातच नको. महाराष्ट्रात अजूनही कितीतरी बायका भाजलेल्या तंबाखूची ही पूड रोज दातांना घासतात, त्यानं कंपोझिटवर चरे पडतात, डाग बसतात, आणि हिरड्यांचे आजार, कॅन्सर हा त्याहून मोठा धोका आहेच. चहा आणि हळदीचे डाग पोर्सेलिनवर सहसा बसत नाहीत, कंपोझिटवर मात्र बसतात, आणि पोर्सेलिनच्याही कडेची चिकटवलेली रेघ कधीकधी तपकिरी होते. व्हेनिअरचा रंग ब्लीचनं बदलत नाही, त्यामुळं बाकीचे दात पांढरे करायचे असतील तर ते आधी करून मगच शेड ठरवायची.

दर सहा महिन्यांनी दाखवायला जाल तेव्हा व्हेनिअर आहेत हे आधीच सांगा, विशेषतः डॉक्टर नवीन असतील तर, कारण स्केलिंगचं, म्हणजे दातांवरचं कीटण काढायचं, मशीन कडेवर जोरात लागलं तर टवका उडू शकतो, आणि आंबट फ्लोराइड जेलनं पोर्सेलिनची चकाकी जाते, त्याऐवजी न्यूट्रल फ्लोराइड वापरतात.

तुटायचं कारण बहुतेक वेळा सवयी असतात: समोरच्या दातांनी ऊस सोलणं, चिक्की तोडणं, नखं खाणं, बाटलीचं झाकण उघडणं. सुपारी अडकित्त्यानं कातरलेली असली तरी टाळलेलीच बरी. झोपेत दात खायची सवय असेल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं प्लास्टिकचं कवच, बनवून घ्यावं लागतं, ते रोज गार पाण्यात मऊ ब्रशनं धुवायचं, गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो.

निघालंच तर व्हेनिअर डबीत जपून ठेवा, फेविक्विकनं घरी चिकटवू नका, लवकरात लवकर डॉक्टरांकडं न्या, अखंड असेल तर तेच परत बसवता येऊ शकतं. नीट सांभाळलं तर पोर्सेलिनचं व्हेनिअर 10 ते 15 वर्षं टिकतं, कंपोझिटचं साधारण 5 ते 7, तेही मधेमधे पॉलिश करून घेतलं तर.