शॉवरच्या पाण्यात वायू: एका जुन्या उपचाराची पार्श्वभूमी

सोलापुरात घर भाड्याने घेताना भाड्याच्या आधी पाण्याची चौकशी होते. नळाला किती दिवसांआड येतं, बोअर आहे का, आणि असेल तर ते पाणी अंघोळीला चालतं का. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, केस धुतल्यावर राठ लागतात, शॉवरच्या जाळीची भोकं पांढऱ्या क्षारांनी बुजतात. अशा गावात पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळणारा शॉवर त्वचा मऊ आणि केस मुलायम करतो असं कानावर आलं, की माणूस दोन मिनिटं थांबून ऐकतोच. म्हणून ही कल्पना कुठून आली आणि वाटेत तिचं काय झालं, ते आधी पाहायला हवं.

सुरुवात न्हाणीघरात नाही, बिअरच्या कारखान्यात झाली. 1767 च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रिस्टली अशा एका कारखान्याशेजारी राहत होते. आंबवणाच्या पिंपांवर साचणारा जड वायू त्यांनी पाण्यात मुरवला आणि आंबूस, चुरचुरणारं पाणी तयार झालं. 1772 मध्ये त्यांनी ही कृती छापली. 1783 मध्ये याकोब श्वेप यांनी जिनिव्हात सोड्याचा धंदा उभा केला आणि हे पाणी बाटलीत गेलं. सोलापूर जिल्ह्याला तर हा वायू अजिबात परका नाही. इतके साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात मळी आंबवली जाते, तेव्हा 180 ग्रॅम ग्लुकोजमधून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. साखरेचं जवळपास निम्मं वजन वायू होऊन जातं.

अंघोळीचा धागा वेगळा. युरोपात काही ठिकाणी जमिनीतूनच वायूने भरलेलं पाणी वर येतं. जर्मनीतल्या बाड नाउहाइमला 1846 मध्ये असा एक मोठा झरा फुटला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑगस्ट आणि थिओडोर शॉट या डॉक्टर बंधूंनी तिथल्या टबातल्या स्नानाला हलक्या व्यायामाची जोड देऊन हृदयरोग्यांसाठी उपचार बसवला. फ्रान्समधल्या रॉयातचं नावही याच कारणाने झालं. आपल्याकडची वज्रेश्वरी, उन्हवरे किंवा राजापूरची कुंडं गरम पाण्याची आणि गंधकाच्या वासाची. वायूच्या झऱ्याची परंपरा महाराष्ट्रात नाही.

त्या टबात नेमकं घडतं काय? कोमट पाण्यात हात बुडवून ठेवला की काही मिनिटांत कातडीवर बारीक बुडबुडे चिकटतात. वायू त्वचेतून आत शिरतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. हात बाहेर काढला तर पाण्याच्या पातळीपर्यंतचा भाग लालसर आणि त्याच्या वरचा नेहमीच्या रंगाचा दिसतो, मध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा. हा परिणाम पक्का आहे, मोजलेला आहे, आणि पायांचा रक्तपुरवठा कमी झालेल्या रुग्णांसाठी त्याचा अभ्यासही झाला आहे. पण तो बुडवून ठेवलेल्या अवयवावरचा, दहा-पंधरा मिनिटांचा परिणाम आहे. ही अट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

जपानने हा उपचार घरात आणला. तिथल्या 1948 च्या उष्ण झऱ्यांच्या कायद्यात एक किलो पाण्यात 250 मिलिग्रॅम मुक्त कार्बन डायऑक्साइड असेल तर त्याला 'ओन्सेन', म्हणजे उष्ण झरा, म्हणता येतं. औषधी कार्बोनेटेड झऱ्यासाठी मर्यादा 1000 मिलिग्रॅमची. 1983 मध्ये काओ कंपनीने 'बब' ही टबात टाकायची फसफसणारी वडी बाजारात आणली. पुढे पोकळ तंतूंच्या पडद्यातून पाण्यात वायू मुरवणारी यंत्रं निघाली, सलूनमध्ये सोड्याच्या पाण्याने केस धुणं सुरू झालं, आणि त्याच वाटेने वायू घरच्या शॉवरपर्यंत पोचला.

इथे मात्र गाडी घसरते. एका वातावरणाच्या दाबाला 40 अंशांच्या एक लिटर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम वायू मावतो. शॉवरच्या जाळीतून पाण्याचे थेंब झाले की त्यांचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि वायू हवेत उडायला लागतो. उरलेलं पाणी अंगावरून काही सेकंदांत ओघळून जातं. टबातल्या पंधरा मिनिटांचे गुण या काही सेकंदांना चिकटवणं मला मान्य नाही.

मग केसांचं काय? तिथे दावा आम्लतेचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, सातच्या खाली जितका कमी तितकं आम्ल जास्त. त्वचेचा पीएच पाचच्या आसपास असतो. किंचित आम्ल पाण्याने केसांवरचे खवले बसतात आणि केस गुळगुळीत लागतात. शुद्ध पाण्यात हा वायू पुरेपूर मुरवला तर पीएच चारपर्यंत उतरतो. सोलापूरच्या खाली मात्र काळा पाषाण आहे आणि बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. ते आम्लता शोषून घेतं. लिटरला साधारण 300 मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल शोषायची ताकद, असलेल्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम वायू मुरवला तरी गणिताने पीएच साडेपाच ते सहाच्या मध्येच येतो, आणि वायू उडाला की पुन्हा वर चढतो.

पाणी जड करणारं कॅल्शियम तर जागचं हलतही नाही. जमिनीत मुरणारं पाणी मातीतला हाच वायू घेऊन खडकाला झिजवतं, त्यातूनच हे क्षार पाण्यात उतरतात. वायू निघून गेला की तेच पांढरे होऊन जाळीवर बसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. हा आकडा वायूने कमी होत नाही. तो कमी करायला कॅल्शियमच्या जागी सोडियम देणारं सॉफ्टनर लागतं. आणि शेवटचा तांब्या आंबूस हवा असेल तर आपल्या घरांत शिकेकाई आहे, लिंबू आहे. लिंबाचं आम्ल थेंब झाला म्हणून हवेत उडून जात नाही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते न्हाणीघरातल्या हवेबद्दल. मिनिटाला आठ लिटरच्या शॉवरखाली दहा मिनिटांत 80 लिटर पाणी जातं. बादलीच्या अंघोळीच्या चार-पाच पट. उजनी धरणाच्या पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या शहरात हे आधी खटकायला हवं. लिटरमागे एक ग्रॅम धरला तर 80 ग्रॅम वायू, म्हणजे सुमारे 45 लिटर. पाच बाय चार फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बंद न्हाणीघरात तो एक टक्क्याच्या आसपास जातो. बाहेरच्या हवेत तो 0.04 टक्के असतो. कामाच्या जागी आठ तासांसाठीची नेहमीची मर्यादा 0.5 टक्के. दहा मिनिटांत यामुळे कोणी कोसळणार नाही, पण हा हिशेब फक्त पाण्यात मुरलेल्या वायूचा आहे. न मुरता सुटलेला वायू किंवा गळणारा सिलिंडर यात धरलेला नाही. वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो खालीच साचतो, आणि खाली बसून अंघोळ करणारी लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात. खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा नसलेल्या न्हाणीघरात हे उपकरण बसवू नये.

तरीही घ्यायचंच असेल, तर विकणाऱ्याला विचारा की लिटरमागे वायू किती मिलिग्रॅम, किती अंशांच्या पाण्यात, आणि तो नळीत मोजला की डोक्यावर पडणाऱ्या धारेत. स्वतःच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून न्या आणि त्याच पाण्यावर पीएच मोजून दाखवायला सांगा.