स्क्रीनवरचा गंधार आणि मिरजेचा तंबोरा

मागच्या वर्षी उसाचा हंगाम सुरू असताना माझ्याकडे अकरावीतली एक मुलगी अभंग रेकॉर्ड करायला आली. चाल भूप रागातली. माझी खोली सांगलीत विश्रामबागेत, मोठ्या रस्त्यापासून दोन घरं आत. पण हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर डेक लावून जातात, आणि त्या डेकपुढे माझ्या भिंतींवरच्या गाद्या-गोधड्यांचं काही चालत नाही. म्हणून रात्री साडेअकरानंतर बसायचं ठरलं. पोरगी छान गायली. दुसऱ्या दिवशी मी सूर दुरुस्त करणारं प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लावलं. स्क्रीनवर तिचा गंधार, म्हणजे सारेगमतला 'ग', रेघेच्या जरासा खाली दिसत होता, तो उचलून रेघेवर बसवला. जिथे जिथे गंधार, तिथे तिथे. फाइल पाठवून दिली.

तासाभरात तिच्या गाण्याच्या बाईंचा फोन. "अहो, गंधार का चढवलात तिचा?"

"चढवला नाही बाई, जागेवर आणला."

"कुणाच्या जागेवर?"

मी गप्प बसलो, कारण उत्तर माहीत नव्हतं. बारा वर्षं हे काम करतोय, पण ती रेघ तिथे कुणी आखली हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

हिशेब तसा आठवीतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. समजा तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला 100 वेळा कंप पावते. तार नुसता 100 चा नाद देत नाही. त्याच वेळी 200, 300, 400, 500 असे पटीतले नादही देते. यांना उपस्वर म्हणू. 200 आणि 400 हे वरच्या सप्तकांतले षड्जच, म्हणजे 'सा'. 300 म्हणजे पंचम, 'प'. आणि 500 म्हणजे गंधार. तंबोऱ्यात गंधाराची तार सहसा लावत नाहीत, भूपासारख्या रागाला पंचम आणि षड्ज एवढ्याच तारा असतात, तरी कान देऊन बसलं की गंधार ऐकू येतो. म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

आता मुलीचा मध्य षड्ज 200 धरा. तंबोऱ्याशी जुळणारा गंधार आला 250. माझ्या सॉफ्टवेअरचा गंधार मात्र 251.98. सॉफ्टवेअर सप्तकाचे 12 सारखे भाग करतं, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या 1.0595 पट. चार पायऱ्या चढलात की 1.25 वर पोचत नाही, 1.26 च्या दारात जाऊन उभे राहता. फरक फक्त दोन कंपनांचा. कुणाला कळणार?

कळतो, कारण गळाही उपस्वर देतो. 252 च्या गंधाराचा दुपटीचा उपस्वर 504, आणि शेजारी तंबोरा 500 धरून बसलेला. इतके जवळचे दोन नाद एकत्र आले की त्यांच्यातल्या फरकाइतक्या वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो, म्हणजे इथे सेकंदाला चारदा. बाईंना आकडा माहीत नव्हता, पण ती थरथर कानाला टोचली. संगीताच्या मोजपट्टीत सप्तकाचे 1200 सेंट करतात. कीबोर्डचा गंधार 400 सेंटवर, स्वयंभू गंधार 386 वर. मुलगी त्या 14 सेंटनी "बेसूर" होती, आणि बरोबर होती. (गाणारा काटेकोर 386 वरच उभा राहतो असं मात्र समजू नका. मींड असते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं; कण असतात, म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श. पण ठेहराव आला की तंबोरा त्याला ओढून घेतो.)

त्याच आठवड्यात माझा तंबोरा घेऊन मिरजेला गेलो, सतारमेकरांच्या गल्लीत. जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला, घुमणारा नाद, गेली होती हे एक निमित्त. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथे तंतुवाद्यं बनवायला घेतली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानातल्या चाचांनी घोडीवरून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरून, तारा सैल केल्या, घोडीचा माथा कानशीने हलक्या हाताने घासला, पुन्हा तारा चढवल्या. मग प्रत्येक तारेखाली सुती दोरा सारला. तार छेडायची, दोरा केसभर पुढे. छेडायची, केसभर मागे. तीन वेळा काहीच नाही. चौथ्यांदा तार एकदम उघडली, मधमाश्यांचं पोळं हलवावं तशी.

घोडीचा माथा रुंद आणि किंचित उताराचा असतो, आणि कंप पावणारी तार दर फेरीला त्याला चाटून जाते. तार कुठे टेकते ती जागा सतत सरकते, त्यामुळे तारेतली शक्ती वरच्या उपस्वरांत जात राहते. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली यावर लिहिलं. साधी तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू असतो ते उपस्वर वाजायला नकोत, असा जुना नियम. तंबोऱ्यात तेही वाजतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मी चाचांच्या दुकानात फोनवर उपस्वरांचा आलेख लावून बसलो होतो. दोरा जागेवर आला तशी वरच्या सुळक्यांची रांग उभी राहिली. चाचांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, म्हणाले, "हे बघून लावता काय तुम्ही?" आणि पुढच्या तारेकडे वळले.

खरं सांगायचं तर हो, बघूनच लावतो. आमचा सगळा धंदा बघण्याचा झालाय. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही आवाज भरतो, कापतो, मिसळतो, त्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात, बोलताना "डॉ". (घरी कुणी विचारलं आणि मी "डॉ उघडून बसलोय" म्हटलं की आई तब्येतीची चौकशी करते.) या डॉमध्ये कीबोर्डचे सूर लिहायची जी चौकट असते तिला पियानो रोल म्हणतात. आपोआप वाजणाऱ्या जुन्या पियानोंत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरायची, तिचंच हे स्क्रीनवरचं रूप. उभी पट्टी पियानोची, एका सप्तकाच्या 12 ओळी, दोन ओळींच्या मधे जागाच नाही. त्यामागे 1983 चा मिडी नावाचा करार आहे: वाद्यांनी एकमेकांना सूर सांगायचा तो 0 ते 127 यांपैकी एका आकड्याने. सूर वाकवायची सोय त्यात आहे, चांगल्या 16,384 पायऱ्यांची, पण ती मुळात अख्ख्या चॅनेलला एकदम वाकवते. मींड काढायला गेलात की सोबत धरलेला षड्जही घसरतो.

तालाचंही तेच. नवी फाइल उघडली की बहुतेक डॉमध्ये मिनिटाला 120 ठोक्यांची लय आणि चार-चार मात्रांचे खण तयार असतात. सात मात्रांचे खण करता येतात, काही अवघड नाही. सात मात्रांचा रूपक ताल लावून बघा मात्र. मोजणीचा ठोका पहिल्या मात्रेवर जोरात "टिंग" करतो, आणि रूपकाची तर समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, 'खाली', म्हणजे बिनजोराची मात्रा! तबलजी हसतो, मग चुकतो, मग मला ठोका बंद करायला लावतो.

हे कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. ज्यांनी केलं त्यांच्या हाताखाली पियानो होता, त्यांनी पियानो काढला. त्रास इतकाच, की जे सोपं दिसतं ते हात आपोआप करतो. माझ्याच हाताने गंधार रेघेवर बसवला, कारण रेघ तिथे होती आणि ओढायला सोपी होती.

सूर दुरुस्त करणाऱ्या प्लगइनची जन्मकथा मजेशीर आहे. अँडी हिल्डब्रँड हे अमेरिकेतले भूकंपलहरींचे जाणकार. जमिनीत लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून तेलाचा माग काढायचा, त्याचं गणित ते करायचे. लहर स्वतःशीच थोडी सरकवून ताडून बघायची आणि ती किती वेळाने स्वतःशी जुळते ते शोधायचं, ही युक्ती त्यांनी गळ्याला लावली. 1997 मध्ये ऑटो-ट्यून आलं. सूर ओळखण्यात ते फार हुशार आहे. मुलीचा गंधार 386 वर आहे हे त्यालाही बिनचूक कळलं होतं. तो कुठे न्यायचा हे मी सांगितलं.

त्याच्या एकच वर्ष आधी, 1996 मध्ये, स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी नावाची पद्धत आणली. एका कंपनीच्या डॉमध्ये दुसऱ्या कुणीही बनवलेलं यंत्र घुसवता येईल, त्याची ही ठरलेली बैठक. प्लगइनचं जग तिथून पसरलं. आणि पसरताना एक गंमत झाली: जुन्या यंत्रांची चित्रं आली. आवाजाचा चढ-उतार आवरणारं, म्हणजे कॉम्प्रेसर, असं एलए-टूए नावाचं 1960 च्या दशकातलं खरं यंत्र आहे. आवाज वाढला की आत एक पत्रा उजळतो, त्या उजेडाने शेजारच्या घटकाचा विद्युतरोध बदलतो आणि आवाज दबतो. उजेडाचा परिणाम ओसरायला वेळ लागतो, म्हणून दाब हळूच सुटतो, गळ्याला मऊ वाटतो. बाहेर दोन मुख्य बटणं आणि एक काटा. प्लगइनमध्ये हे सगळं चितारलेलं असतं, कोपऱ्यातल्या स्क्रूंसकट. स्क्रू कशाला, असं मी पूर्वी चिडून म्हणायचो.

गोल नॉबचं तर हसूच येतं. खरा नॉब चिमटीत धरून फिरवतात. माउसला चिमूट कुठून आणायची? म्हणून बहुतेक प्लगइनांत तुम्ही माउस वर-खाली ओढता आणि चित्रातला नॉब गोल फिरतो. नवखा माणूस माउस गोल फिरवत बसतो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलेला नियम इथे रोज भेटतो: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ. चौदा इंची लॅपटॉपवर तांदळाएवढी नावं आणि मुगाएवढी बटणं असली की अर्धी रात्र नेम धरण्यात जाते. पण नॉबची बाजूही घेतो. तो जागा कमी खातो, आणि वीस नॉब एकदम दिसले तरी कुठला किती वळलाय हे तिरकेपणावरून कळतं. वीस आकडे वाचावे लागले असते.

एक मात्र स्क्रीनवर दिसतच नाही: उशीर. ढोलकीवाले मामा कानाला हेडफोन लावून बसले आणि दोन बोलांत थांबले. "आवाज मागच्या खोलीतून येतोय बघा." मामांचा अंदाज चांगला होता. ऊसतोडीला माणूस एकेक ऊस ट्रॉलीत टाकत नाही, मोळी बांधतो. संगणकही सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजतो, पण एकेक माप उचलत नाही. मोळी बांधतो, तिला बफर म्हणतात. माझी मोळी 512 मापांची होती. ती भरायला 11.6 मिलिसेकंद, येताना एक आणि जाताना एक, म्हणजे 23. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. मामांना त्यांचीच ढोलकी जवळजवळ आठ मीटरवरून ऐकू येत होती! मोळी 128 ची केली, अंतर दोन मीटरवर आलं, मामा खूश. पण लहान मोळीला खेपा जास्त. वर जड प्लगइनं चालू असतील तर संगणक धापा टाकतो आणि आवाजात चटचट येते. म्हणून भरताना मोळी लहान आणि प्लगइनं बंद, मिसळताना मोळी मोठी.

मुलीला परत बोलावलं. या वेळी आधी तंबोरा भरला, चाचांनी उघडलेला, दहा मिनिटं सलग. मग लय न लावता गाणं आणि तबला एकत्र, आणि लयीच्या रेघा नंतर तबल्याच्या ठोक्यांवर आखल्या, म्हणजे खण गाण्यामागे धावले. सूर दुरुस्तीच्या प्लगइनमध्ये प्रत्येक स्वर सेंटने वर-खाली करायची सोय आहे, दुसऱ्या पानावर, राखाडी अक्षरांत. मला ती कधी दिसलीच नव्हती. गंधार 14 ने उतरवला, पंचम 2 ने चढवला. भूपाला मध्यम-निषाद लागत नाहीत, ते काढून टाकले. एवढं करून प्लगइन तिच्या दोनच शब्दांवर लागलं. फाइल पाठवण्याआधी शेवटचं ऐकताना लॅपटॉप मिटून ठेवला.

बाईंचा निरोप आला: "गंधार ठीक. धैवत कुठला घेतलात?"

धैवताच्या, म्हणजे 'ध'च्या, दोन जागा आहेत, 884 आणि 906, मधे 22 सेंटचं अंतर, आणि तंबोरा याबाबतीत गंधारासारखा स्पष्ट बोलत नाही. मी प्लगइनचा धैवत बंद करून ठेवलाय. पोरगी गाते तो.