निकालाआधी ठरणारा प्रवेश
ऑक्सफर्ड, केंब्रिज, मेडिसिन आणि अशाच चुरशीच्या कोर्ससाठी अर्ज करणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी माहितीपत्रक

आपण शिकलो तेव्हा क्रम ठरलेला होता: परीक्षा, निकाल, गुणवत्ता यादी, प्रवेश. ब्रिटनमध्ये तो उलटा आहे. अर्ज ऑक्टोबरमध्ये जातो, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखती डिसेंबरमध्ये होतात, त्यांची उत्तरं जानेवारीत येतात आणि ए-लेव्हलची (इथल्या बारावीच्या तोडीची) परीक्षा त्यानंतर, मे-जूनमध्ये. ऑगस्टचा निकाल फक्त एवढंच सांगतो, की ऑफरमधली (म्हणजे अमुक ग्रेड मिळाले तर जागा, या विद्यापीठाच्या उत्तरातली) अट पूर्ण झाली की नाही.

म्हणून 'शेवटच्या वर्षी कसून अभ्यास करेल' हा हिशेब इथे चालत नाही. इयर १३ सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे होतात तोच मुदत संपते: १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि जवळपास सगळे मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटर्नरीचे कोर्स या तारखेला बांधलेले आहेत. बाकीच्यांना जानेवारीपर्यंत वेळ मिळतो. (इयर १२ म्हणजे आपली अकरावी आणि इयर १३ म्हणजे बारावी. फोनवर यात हमखास घोळ होतो.) आम्ही अशा अर्जांसाठी मार्गदर्शन करतो; आमच्याकडे यायचा योग्य महिना इयर १२ मधला फेब्रुवारी.

आधी फीचा दर्जा बघा

मूल इथल्या सरकारी शाळेत फुकट शिकतंय म्हणजे विद्यापीठातही स्थानिकांची कमी, 'होम' फी लागणार, असं अनेक घरांत धरून चालतात. तसं नाही. इंग्लंडमधला सर्वसाधारण नियम असा: कोर्स सुरू होताना सेटल्ड दर्जा हवा, म्हणजे आयएलआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) किंवा ब्रिटिश नागरिकत्व, आणि त्याआधीची तीन वर्षं इथे सलग वास्तव्य हवं, तेही मुख्यतः शिक्षणासाठी नसलेलं. आईवडील स्किल्ड वर्कर व्हिसावर आणि मूल डिपेंडंट असेल, तर ते बहुधा 'ओव्हरसीज' ठरतं. उलट बाजूनेही फसगत होते. ब्रिटिश पासपोर्ट आहे, पण मागची आठ वर्षं पुण्यात गेली. तिथे तीन वर्षांची अट अडते.

फरक किरकोळ नाही. २०२५-२६ साली इंग्लंडमध्ये होम फीची कमाल मर्यादा वर्षाला ९,५३५ पौंड होती. ओव्हरसीज फी याच्या कित्येक पट असू शकते आणि तिच्यासाठी सरकारी विद्यार्थी कर्जही मिळत नाही. मेडिसिनमध्ये तर ओव्हरसीज जागाच मोजक्या. आयएलआरची तारीख कोर्सच्या तोंडावर येत असेल, तर पाच विद्यापीठं निवडण्याआधी त्यांच्या फी विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. व्हिसाचा सल्ला देणं हे इथे कायद्याने नियंत्रित काम आहे; ते आम्ही करत नाही. त्यासाठी नोंदणीकृत सल्लागार किंवा सॉलिसिटर गाठा.

विषय, ग्रेड आणि पाच जागा

विद्यापीठांचे अर्ज यूकॅस या एकाच संस्थेमार्फत जातात; तिच्या अर्जात पाच पर्याय भरता येतात. मेडिसिनचे त्यात चारच. पाचवा बायोमेडिकल सायन्ससारखा वेगळा कोर्स टाकता येतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकच निवडावं लागतं.

चार विषयांच्या ए-लेव्हल घेतल्या म्हणजे वजन वाढतं, हा समज सोडा. तीन चांगल्या पुरतात. अपवाद फर्दर मॅथ्स या गणिताच्या जादा विषयाचा: गणित, इंजिनिअरिंग, फिजिक्स यांच्याकडे जाणाऱ्याने शाळेत तो विषय असेल तर घ्यावाच. मेडिसिनला जवळपास सगळीकडे केमिस्ट्री हवी. केंब्रिजची नेहमीची ऑफर विज्ञान शाखांना ए-स्टार, ए-स्टार, ए आणि बहुतेक कला शाखांना ए-स्टार, ए, ए अशी असते (ए-स्टार हा सर्वांत वरचा ग्रेड). या पातळीला न पोचणारे प्रेडिक्टेड (शाळेने आधीच अंदाजाने दिलेले) ग्रेड्स घेऊन अर्ज केला, तर पाचातली एक जागा फुकट जाते.

प्रेडिक्टेड ग्रेड शाळा ठरवते, बहुतेक ठिकाणी इयर १२ च्या शेवटच्या परीक्षेवरून. पालकांनी सप्टेंबरमध्ये जाऊन वाद घातल्याने तो सहसा वाढत नाही. मे महिन्यातच शिक्षकांना विचारायला हवं, की ए-स्टारसाठी कोणत्या परीक्षेत किती गुण लागतील. हे मुलाने स्वतः विचारावं. तुम्ही विचारलंत तर तक्रार वाटते, मुलाने विचारलं तर तयारी.

प्रवेश परीक्षा

इथे गडबड सर्वांत जास्त होते, कारण नोंदणी शाळेमार्फत नव्हे, मुलाने स्वतः करायची असते.

मेडिसिनला यूकॅट. परीक्षा जुलै ते सप्टेंबरअखेर पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर, संगणकावर, वर्षातून एकदाच देता येते. २०२५ पासून ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग हा भाग काढून टाकला आहे. आता तीन गुणांकित भाग आहेत आणि एकूण गुण ९०० ते २७०० मध्ये मोजतात. शिवाय सिच्युएशनल जजमेंट, म्हणजे प्रसंगात कसं वागावं या भागाला एक ते चार बँड, एक सर्वांत वरचा. त्यामुळे थोरल्या बहिणीच्या २०२३ मधल्या २७०० शी धाकट्याची तुलना करू नका, तेव्हा कमाल ३६०० होती. व्हर्बल रीझनिंगमध्ये २२ मिनिटांत ४४ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला अर्धं मिनिट. हुशार मुलं नेमकी इथे अडकतात, कारण उतारा पूर्ण आणि नीट वाचायची त्यांना सवय असते. उपाय असा: आधी विधान वाचायचं, मग त्यातला नेमका शब्द उताऱ्यात शोधायचा, न सापडल्यास अंदाजाने उत्तर निवडून, खूण करून पुढे. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा रिकामं काहीच सोडायचं नाही.

सहा ते आठ आठवडे, रोज एक तास, एवढी तयारी पुरते. यूकॅटच्या संकेतस्थळावरच्या फुकट सराव परीक्षा शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवा. तारीख ऑगस्टच्या उत्तरार्धात घ्या. गुण त्याच दिवशी कळतात आणि चार मेडिकल स्कूल त्या गुणांवरून निवडायची असतात: काही ठिकाणी यूकॅटवरच क्रम लागतो, काही ठिकाणी जीसीएसईचे (दहावीच्या तोडीच्या परीक्षेचे) ग्रेडही धरतात, काही ठिकाणी बँड चार आला की अर्ज बाद. तीन आठवडे गावी जायचं असेल तर जुलैच्या शेवटी जाऊन या. गणपतीला तिकडे थांबण्याचा मोह या एका वर्षी आवरा. आणि परीक्षेच्या दिवशी ताप असेल तर जाऊ नका, तारीख बदलून घ्या. एकदा बसलं की 'मी तंदुरुस्त आहे' असं मान्य केल्यासारखं होतं. नंतर दिलेलं डॉक्टरचं पत्र उपयोगी पडत नाही.

केंब्रिजच्या इंजिनिअरिंग आणि नॅचरल सायन्सेसला ईसॅट: चाळीस मिनिटांचा एकेक विभाग, प्रत्येकात २७ प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही. इकॉनॉमिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सला टीएमयूए: ७५ मिनिटांचे दोन पेपर, प्रत्येकी २० प्रश्न, इथेही कॅल्क्युलेटर नाही. केंब्रिजला ऑक्टोबरचीच परीक्षा चालते, जानेवारीची नाही. नोंदणी सप्टेंबरमध्ये बंद होते आणि दरवर्षी कोणीतरी तेव्हाच राहून जातं. कोणत्या कोर्सला कोणती परीक्षा, हे वर्षागणिक बदलतं; मित्राच्या दादाचं ऐकू नका, कोर्सचं पान उघडा.

नाव एकच असू द्या

ही आपल्याकडची खास अडचण. भारतीय पासपोर्टवर 'गिव्हन नेम' मध्ये मुलीच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं, शाळेत फक्त तिचं नाव, आणि बुकिंग करताना घाईत तिसरंच काही टाइप होतं. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं आणि बुकिंगमधलं नाव जुळलं नाही, तर आत सोडत नाहीत आणि पैसेही जातात. यूकॅस, परीक्षेचं खातं आणि शाळेची परीक्षा नोंदणी या तिन्ही ठिकाणी पासपोर्टप्रमाणेच नाव घाला. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण मार्चमध्येच उरका.

पर्सनल स्टेटमेंट

२०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंध गेला. आता तीन प्रश्न असतात: हा विषय का, शाळेतल्या अभ्यासाने काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केलं व ते का उपयोगी. तिन्ही मिळून मोकळ्या जागांसकट ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तरात किमान ३५०. ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी आम्ही साधारण १,३००, १,५०० आणि १,००० अशी वाटणी सुचवतो. मेडिसिनला तिसरं उत्तर मोठं होतं, कारण केअर होममधलं किंवा रुग्णालयातलं स्वयंसेवी काम तिथे येतं.

पालकांचा आग्रह असतो तो भरतनाट्यमचं अरंगेत्रम, तबल्याच्या परीक्षा, ड्यूक ऑफ एडिनबरा या युवा उपक्रमाचा गोल्ड अवॉर्ड यांचा. कौतुक आहेच, पण केंब्रिजच्या इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापकाला त्यातून काही कळत नाही. एका ओळीत उरका. त्याला हवं असतं ते अभ्यासक्रमाबाहेर जाऊन विषयाशी घेतलेली झटापट.

उदाहरण बघा. 'मला महागाई या विषयात पहिल्यापासून रस आहे आणि मी त्यावर बरंच वाचलं आहे.' हे वाक्य कोणीही लिहील. आता हे: 'महागाईचा दर ज्या वस्तूंवरून काढतात ती यादी सरकारी सांख्यिकी कार्यालय दरवर्षी बदलतं. मी आमच्या घराच्या चार महिन्यांच्या पावत्या त्या यादीशी ताडून पाहिल्या. आमचा अन्नावरचा खर्च सरासरीहून जास्त निघाला, म्हणजे आमची महागाई जाहीर दरापेक्षा वेगळी आहे. पण चार महिने पुरेसे नाहीत, कारण हंगामी भाव त्यात मिसळतात.' शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. आपल्याच निष्कर्षातली खोट मुलाला दिसते आहे.

आम्ही मसुदा वाचतो, प्रश्न विचारतो, कुठे पोकळ आहे ते दाखवतो. लिहून देत नाही. यूकॅसकडे मजकूर ताडून पाहणारी प्रणाली आहे, आणि मजकूर स्वतःचाच आहे, कुठून उतरवलेला किंवा एआयकडून लिहून घेतलेला नाही, असं अर्जदाराला जाहीर करावं लागतं. शिवाय जे मुलाने लिहिलं नाही त्यावर डिसेंबरमध्ये प्रश्न आला, की दोन मिनिटांत पितळ उघडं पडतं.

मुलाखत

ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुलाखत म्हणजे तोंडी परीक्षा नव्हे. ती एक छोटी शिकवणी असते. नमुना: बंद गाडीत दोरीला हेलियमचा फुगा तरंगतो आहे. गाडीने एकदम वेग घेतला तर फुगा कुठे झुकेल? बहुतेक मुलं 'मागे' म्हणतात. मग सूचना येते: गाडीतल्या हवेचं काय होईल? हवा जड, ती मागे रेटली जाते, मागचा दाब वाढतो आणि हलका फुगा पुढे जातो. पहिलं उत्तर चुकल्याने काही बिघडत नाही. सूचना कानावर पडूनही गप्प बसलं किंवा पहिलंच उत्तर धरून ठेवलं, तर बिघडतं. उलटही होतं: मोठ्यांना उलट बोलायचं नाही या वळणात वाढलेलं मूल, ट्यूटरने मुद्दाम खोडलेला आपला बरोबर मुद्दा लगेच सोडून देतं. म्हणून सराव अनोळखी माणसासोबत, २५ मिनिटांचा आणि मोठ्याने विचार करत व्हावा. ओळखीच्या काकांनी घेतलेल्या मुलाखतीत मूल मोकळं होतं खरं, पण ती कसोटी नसते.

मेडिसिनच्या मुलाखती पुष्कळ ठिकाणी एमएमआय पद्धतीच्या असतात: काही मिनिटांची एकेक स्टेशनं, प्रत्येकात वेगळा प्रसंग. एक बिघडलं तरी पुढच्यात नवा परीक्षक असतो. मागचं तिथेच सोडून पुढच्या दारातून आत जाणं, याचाच सराव आम्ही जास्त घेतो.

पहिल्या भेटीला काय आणाल

जीसीएसईचा निकाल, इयर १२ चा ताजा अहवाल, पासपोर्ट, व्हिसा किंवा सेटल्ड दर्जाचा पुरावा, आणि शाळेची अंतर्गत मुदत. ती १५ ऑक्टोबरच्या दोन-तीन आठवडे आधीची असते, कारण शिक्षकांना रेफरन्स (शिफारसपत्र) लिहायचा असतो. भेटीतली पहिली वीस मिनिटं आम्ही फक्त मुलाशी बोलतो. त्या वेळात तुम्ही बाहेर चहा घ्या.