ग्लियल पेशींचे स्थलांतर व विभाजन

चेतासंस्था घडत असताना ग्लियल पेशी, म्हणजे चेतापेशींच्या सोबतीने राहणाऱ्या साहाय्यक पेशी, जन्मस्थानापासून दूरवर जातात आणि वाटेतही विभागून वाढतात. पणजीत 1842 मध्ये वैद्यकीय शाळा (आजचे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज) सुरू झाली, तेव्हा या पेशींना नावही नव्हते. जर्मन वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ विरखो यांनी ते 1856 मध्ये रूढ केले, पण चेतापेशींना बांधून ठेवणारे द्रव्य एवढ्याच अर्थाने. ही समजूत या पेशींवर अन्याय करणारी ठरली.

भ्रूणाच्या मेंदूत अरीय ग्लिया या पेशीचा लांब धागा आतल्या पोकळीपासून पृष्ठभागापर्यंत गेलेला असतो. पाडेली माडावर चढतो, तशा नव्या चेतापेशी या धाग्यावरून वर सरकतात. मेंदूशास्त्रज्ञ पास्को राकिच यांनी 1972 मध्ये माकडाच्या भ्रूणात हे दाखवले. मात्र ही पेशी नुसता आधार नाही. तिचे केंद्रक धाग्यात वरखाली सरकते, पोकळीच्या कडेला येऊन विभागते आणि त्यातून चेतापेशीही जन्मतात. पुढे यांपैकी बऱ्याच अरीय पेशींच्या ताराकृती पेशी (ॲस्ट्रोसाइट, ग्लियाचाच एक प्रकार) होतात.

मेंदूबाहेरच्या चेतांमध्ये प्रवास आणि विभाजन यांची सांगड सर्वांत स्पष्ट दिसते. चोणक माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी रेषा गोव्यात कोणालाही ठाऊक असते. ही पार्श्वरेषा म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणारे इंद्रिय. शोभेच्या झेब्राफिश माशाची पिल्ले पारदर्शक असल्याने तिथली चेता वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पाहता येते. पुढे अक्षतंतू (चेतापेशींचे लांब धागे) जातात, त्यांच्या अंगाने श्वान पेशी (मेंदूबाहेरच्या चेतांमधल्या ग्लियल पेशी) सरकतात आणि सरकता सरकता विभागतात. अक्षतंतू भलतीकडे वळवले, तर त्याही तिकडेच जातात. अक्षतंतूंवरील न्यूरेग्युलिन हा संकेत श्वान पेशींवरची ईआरबीबी ग्राहक प्रथिने ओळखतात. ती निकामी झाली तर अक्षतंतू शेपटीपर्यंत पोचतात, पण श्वान पेशी सोबत जात नाहीत आणि अक्षतंतूंभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टनही तयार होत नाही. म्हणजे ज्याला वेष्टन हवे, तोच पेशींना वाट दाखवतो आणि त्यांची संख्याही ठरवण्यात भाग घेतो.

मेंदू व मेरुरज्जूत मायलिन बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वपेशी रक्तवाहिन्यांच्या आधाराने पसरतात. पीडीजीएफ हे वाढघटक प्रथिन त्यांना विभागायला लावते. त्या गरजेपेक्षा जास्त तयार होतात. उंदीरवर्गीय रॅटच्या दृक्‌चेतेत नव्याने बनलेल्या अशा पेशींपैकी सुमारे निम्म्या मरतात. अक्षतंतूंकडून जगण्याचे संकेत मिळतात त्या उरतात.

सूक्ष्मग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, मात्र परक्या कुळातल्या. त्या भ्रूणाला जोडलेल्या पीतककोश या पिशवीत जन्मतात, मेंदूत शिरतात आणि तिथेच विभागून आयुष्यभर आपली संख्या राखतात.